डॉक्टरबाईंच्या जीपची उंची

माझी मावशी गुरांची डॉक्टर. लहानपणापासून सुट्टी लागली की मी तिच्याकडे राहायला जायची, आणि पुढे नोकरी लागल्यावरही ती सवय सुटली नाही. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलेलं आहे.

डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात तिला सगळे डॉक्टरबाई म्हणत. सुरुवातीला मात्र लोक दार वाजवत आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांनाच सांगत, "डॉक्टरसाहेब, गाय अडलीय." काका शांतपणे चष्मा पुसत म्हणायचे, "मी फक्त जमिनी मोजतो. गाईचं हिला सांगा." काका मोजणी खात्यात होते. बोलायला कमी आणि मोजायला जास्त, असा माणूस.

जीप काकांनीच घेतलेली, खात्याच्या लिलावातून. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, तेव्हा नुकती चालायला लागली होती. चौकोनी नाक, कापडी छत, दारं अशी की लावली काय आणि न लावली काय. मावशीने त्या जीपवरच गाडी चालवायला शिकून घेतली आणि मग तिच्यावर असा कब्जा केला, की काकांना स्वतःच्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसायची सवय करून घ्यावी लागली.

निवृत्त झाल्यावर काही काळातच काकांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, काठीच्या आधाराने चालणंही आलं, पण डावा पाय पायरी चढायला काही केल्या तयार होईना. "घरात बसून भिंती मोजतील," असं म्हणत मावशी त्यांना फेरीवर बरोबर न्यायला लागली. मागे औषधांची पेटी, दोर, पाण्याचे कॅन, रेतनाच्या मात्रा गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा जड डबा, पुढे काका. गाडीत बसायची त्या दोघांची एक ठरलेली रीत होती. काका दाराशी पाठमोरे उभे राहायचे, सीटच्या कडेला टेकायचे, मग मावशी त्यांचा डावा पाय उचलून आत ठेवायची आणि ते उजव्या हाताने दांडी धरून वळायचे. हे होताना दोघंही भलतंच काहीतरी बोलत असत, पावसाबद्दल किंवा ताईच्या फोनबद्दल. पायाबद्दल कधीच नाही.

वाडीला जायचा रस्ता एका घळीतून वर चढत होता. वाडी म्हणजे डोंगरावरची मूठभर घरं, पण गुरं पुष्कळ. एका पावसाळ्यात घळीतला रस्ता धुऊन गेला आणि खालचे दगड उघडे पडले. त्यानंतर जीपचं पोट घासायला लागलं. आधी नुसतं खरवडल्यासारखं व्हायचं. मग एके दिवशी मोठा आवाज झाला, आणि मागून येणाऱ्या गुराख्याने हातात काहीतरी नाचवत हाक मारली, "डॉक्टरबाई, हे तुमचंच ना?" तो सायलेन्सर होता.

मिस्त्रींचं गॅरेज गावाच्या टोकाला. मिस्त्री जीपखाली गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

"झोपलात का?" मावशीने वाकून विचारलं.

"बाई, झोपलेत ते तुमचे पाटे," खालून आवाज आला. "पाट्याला कमान असावी लागते. हे आता फूटपट्टीसारखे सरळ झालेत. गाडी चांगली पंजाभर खाली बसलीय."

जुन्या जीपला गुंडाळीच्या स्प्रिंगा नसतात. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांवर ती उभी असते, त्यांना पाटे म्हणतात. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने ते दमले होते. मिस्त्रींनी एक झटपट उपाय सुचवला. पाट्याचं टोक ज्या कडीने चेसिसला अडकवलेलं असतं, ती कडी लांब बसवायची. संध्याकाळपर्यंत गाडी वर. मावशीलाही ते पटलं, कारण दुसऱ्याच दिवशी वाडीवर मेंढ्यांना लस टोचायची होती.

कड्या बसल्या, गाडी वर झाली, घळही पार पडली. पण उतरताना मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. स्टिअरिंग सैल झाल्यासारखं झालं होतं. सरळ धरलं तरी गाडी आपली डावीकडे, मग उजवीकडे, दावं सुटलेल्या गुरासारखी भटकत होती. घळीच्या वरच्या अंगाला रस्त्याचा एक तुकडा दरीकडे कललेला होता. तिथे गाडीने नाक दरीकडे वळवलं आणि मावशीने ब्रेकवर उभं राहूनच ती थांबवली. ती पुरती थांबल्यावरच काकांनी दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी कड्या काढल्या. "कडी लांबली की पुढच्या चाकांचा कल बदलतो," ते खाली मान घालून म्हणाले. "मला वाटलं, एवढ्याने काय होतंय! झालं. आता घ्यायचं तर पुरतं किट घ्या. नवे पाटे, नवे शॉकअप, सगळं एकमेकांना जुळणारं."

मग मी सुट्टी काढून आले आणि आम्ही तिघं माझ्या गाडीतून शहरात गेलो. दुकान मोठं होतं. भिंतीवर पाटे कमानीसारखे टांगलेले, काउंटरवर रंगीत शॉकअप ओळीने उभे, आणि दारातच एक जुनी जीप नवरीसारखी नटवून ठेवलेली. दुकानदार उत्साही होता. मावशी काय करते हे ऐकल्यावर त्याने तिला खुर्ची दिली, काकांना पाणी दिलं.

"गाडी दोन इंच वर नेणारं किट आहे आणि चार इंच नेणारं, मॅडम. पण तुमच्यासारख्यांनी दोनचा विचारच करू नये. चार घ्या, वर मोठे टायर घाला. दगड येऊ दे नाहीतर धोंडा, काही लागणार नाही."

"आणि उतारावर?" मावशीने विचारलं.

"म्हणजे?"

"रस्ता एका बाजूला कललेला असला तर. गाडी जेवढी उंच तेवढी कलंडायची नाही का?"

दुकानदार प्रामाणिक होता. त्याने जरा डोकं खाजवलं. "थोडा फरक पडतो. सांभाळून चालवावी लागते. आणि जुन्या गाडीला चार इंची बसवायचं तर ब्रेकचे पाइप लांब घालावे लागतील, मागच्या शाफ्टचा कोन बदलेल, स्टिअरिंगचा दांडाही बदलावा लागेल. पण सगळं मिळतं आपल्याकडे." मग विषय बदलावा तसा तो म्हणाला, "ती दारातली चार इंचीच आहे. बसून तर बघा."

मावशी चढून बसली. तिथून तिला सगळं दुकान वरून दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर तिचा चेहरा खुलला. मग तिने काकांकडे पाहिलं. काका काठी टेकत दुसऱ्या बाजूला गेले आणि सवयीप्रमाणे पाठमोरे उभे राहिले. सीटची कड त्यांच्या कमरेच्या कितीतरी वर होती. त्यांनी एकदा टेकायचा प्रयत्न केला. पाठ नुसतीच पत्र्याला लागली. दुकानदार धावत आला, "सर, मी धरतो," म्हणाला. काकांनी त्याला हातानेच थांबवलं.

"गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "चार इंचीच घे."

मावशी खाली उतरली आणि दुकानदाराला म्हणाली, "आम्ही कळवतो."

परतीच्या वाटेवर मी उगाच एक-दोन विनोद केले. ते माझे मलाच ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. ती दूर राहायची, पण तिला घरातलं सगळं आधी कळायचं. "आई, त्या भंगारात किती जीव अडकवणार आहेस? नवी गाडी घे, नाहीतर वाडी सोडून दे. तिथे दुसरा डॉक्टर पाठवायला सांग."

"दुसरा डॉक्टर काय उडत येणार आहे?" मावशी म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन गोठ्याकडे निघून गेली.

काकांनी मात्र वेगळंच काढलं. त्यांनी मला मोजायची फीत आणायला सांगितली, आणि आम्हाला घळीच्या तोंडाशी घेऊन चल म्हणाले. ते स्वतः माझ्या गाडीतच बसून राहिले आणि आम्ही दोघी दगड मोजत फिरलो. कुठला दगड किती वर आलाय, दोन दगडांत अंतर किती, चाक कुठून जातं. वरच्या वळणावर तर लशीच्या फेरीनंतर एक बसका धोंडाच डोंगरावरून घसरून आला होता. काका खिडकीतून सूचना देत होते. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा खडखडीत निघाला होता! शेवटी त्यांनी हिशेब सांगितला. "दोन इंचीने घळ पार होईल. पण वरच्या वळणावरचा तो बसका धोंडा ओलांडता येणार नाही. चार इंचीने तोही ओलांडता येईल. म्हणजे चार इंची."

"तुम्ही धोंडा मोजलात," मावशी म्हणाली. "त्याच्या पुढचा उतार कोण मोजणार?"

"त्यावरून आपण इतकी वर्षं गेलोय."

"बसक्या गाडीतून गेलोय."

घरी आल्यावर जेवताना तोच विषय. मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले, पण भिंत पातळ होती.

"माझ्यासाठी म्हणून तू कमी उंचीची घेणार असशील," काका म्हणाले, "तर ते मला चालणार नाही. तुझं काम वाडीवर आहे. मी घरी बसेन. वाचेन."

"तुमच्यासाठी नाही."

"खोटं बोलू नकोस."

"अहो, खोटं कुठे बोलतेय? उताराची भीती खरी नाही का? त्या दिवशी तुम्हीही होतात ना गाडीत!"

"उताराचं खरं आहे. पण तेवढंच आहे का?"

मावशी म्हणाली, "मला नाही माहीत. त्यातलं उताराचं किती आणि तुमचं किती, मी वेगळं काढून नाही सांगू शकत. तुम्ही मोजणीवाले आहात, तुम्ही सांगा."

मावशी मिस्त्रींनाही जाऊन विचारून आली. मिस्त्री म्हणाले, "बाई, मी दोन्ही बसवून देईन. पण चारमध्ये जुन्या गाडीचे बरेच सांधे उकलावे लागतात, आणि एक उकललं की दुसरं कुरकुरतं. उलटायचं म्हणाल तर मला सांगता येणार नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यालाच शेजारी बसवून एकदा तो उतार उतरा." कड्यांच्या प्रकारानंतर मिस्त्री जरा सावध झाले होते.

मावशीने दोन इंची घेतलं.

किट बसवायला मिस्त्रींना वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. जुने बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल सोडायचं, ठोकायचं, पुन्हा तेल सोडायचं. एक बोल्ट तर कापूनच काढावा लागला. नवे पाटे बसले तेव्हा गाडी भलतीच उंच दिसायला लागली. पण मिस्त्री म्हणाले, "रिकामी आहे म्हणून. सामान भरा, मग बोला." आम्ही पेटी, कॅन, नायट्रोजनचा डबा, सगळं भरलं. गाडी जरा खाली आली. तरीही जुन्या बसलेल्या गाडीपेक्षा सीट वरच होती, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

तेव्हा मावशीने मिस्त्रींना काकांच्या सीटखालची चौकट दाखवली. "ही कापून खाली घेता येईल?"

"येईल की. पण मग साहेबांना काचेतून फक्त आभाळ दिसेल."

"त्यांना विचारा."

काका स्टुलावर बसले होते. "आभाळ बघून बरीच वर्षं झाली," ते म्हणाले.

चौकट कापली, खाली जोडली. काका पाठमोरे उभे राहिले, टेकले. कड नेमकी कमरेला लागली नाही, थोडी वरच राहिली, पण उजव्या पायाच्या चवड्यावर जोर दिला की जमत होतं. मावशीने पाय उचलून आत ठेवला. "ताईचा फोन आला होता का गं?" काकांनी मला विचारलं. मिस्त्री उगाचच दुसरीकडे बघत हात पुसत राहिले.

काकांची मोजणी बरोबर निघाली. घळ निर्धास्त पार व्हायची, स्टिअरिंगही जागच्या जागी राहायचं. फक्त वरच्या वळणावरचा तो बसका धोंडा ओलांडता येईना. त्याच्या अलीकडे एक सपाट माळ होता. मावशी तिथे जीप लावायची, पाठीवर पिशवी अडकवायची आणि उरलेला चढ पायी जायची. काका जीपमध्ये बसून राहायचे. साठीच्या जवळ आलेल्या बाईला तो चढ सोपा नव्हता, पण ती म्हणायची, गुडघ्यांना वंगण मिळतं.

मग ती गाय अडली. वाडीवरच्या एका बाईची गाय, घरातली एकुलती एक दुभती. सकाळी निरोप आला की वासरू उलटं आलंय. मावशी जेवढ्या वेगाने जाता येईल तेवढ्या वेगाने गेली. धोंड्यापाशी उतरली आणि चढ अर्धा पळत, अर्धा थांबत पार केला. मी मागून दोर आणि बादली घेऊन. आम्ही पोचलो तोवर उशीर झाला होता. मावशीने दंडापर्यंत हात घालून वासरू काढलं, त्याचं नाक साफ केलं, छाती चोळली, गवताच्या काडीने नाकपुडी डिवचली. वासरू हललं नाही. गाय वाचली. त्या बाईने मावशीच्या हातावर पाणी ओतलं आणि एवढंच म्हणाली, "जरा आधी आलं असतं तर."

तिने दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. पण मावशी तो शब्द घेऊनच खाली उतरली.

जीपपाशी आल्यावर ती बोनेटला टेकून उभी राहिली. काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय ते समजले.

"चार इंची असती तर पोचले असते," मावशी म्हणाली.

मला वाटलं, काका आता समजूत घालतील. तसं काही त्यांनी केलं नाही. ते त्या कललेल्या रस्त्याकडे बघत होते.

"असतीस कदाचित," ते म्हणाले. "किंवा दरीत असतीस. मला हे मोजता येत नाही."

मावशीने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते उत्तर तिला चाललं. खोटा धीर दिला असता तर ती चिडली असती.

मग काका म्हणाले, "एक सांगू? मला त्या उताराची पहिल्यापासून भीती वाटते. हे वारं जाण्याच्याही आधीपासून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू मला घरी ठेवलं असतंस."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला हसूच आलं. रडता रडता आलेलं ते हसू काही बरोबर दिसत नव्हतं, पण काकाही हसले. मी बादली घेऊन उगाच ओढ्याकडे गेले.

त्यानंतर मावशीने वाडीवर निरोप पाठवला. जी गुरं चालू शकतात ती बाजाराच्या आदल्या दिवशी माळावर आणायची. गाय गाभण असेल तर दिवस भरत आले की आधीच सांगायचं, अडल्यावर नाही. आणि अडलीच तर निरोप्याने वर परत न जाता खेचर घेऊन धोंड्यापाशी थांबायचं, म्हणजे पिशवीचं ओझं त्याच्यावर टाकून चढ लवकर पार होईल. पहिल्या वेळी माळावर दोन शेळ्या आणि एक लंगडी कालवड आली. काही महिन्यांनी मी गेले तेव्हा माळावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. काका खाली घेतलेल्या सीटवर दाराकडे तोंड करून बसले होते आणि काठीने रांग लावत होते. "मेंढ्या डावीकडे. गाय आधी, तिला ताप आहे. अहो, तुमचं काय? खरूज ना? मग जरा लांब उभे राहा, तुम्ही नाही, शेळी." लोक त्यांना पुन्हा डॉक्टरसाहेब म्हणायला लागले होते. आता ते दुरुस्त करत नव्हते.

ताई एकदा येऊन हे बघून गेली. नव्या गाडीचं तिने पुन्हा काढलं नाही. जाताना फक्त मिस्त्रींच्या गॅरेजवर थांबली आणि गाडी नीट तपासत जा म्हणून त्यांना बजावून गेली. मिस्त्रींना त्याचा राग आला नाही. ते म्हणाले, "बाईंच्यावर गेलीय."

गेल्या वर्षी सरकारने घळीवर मोरी बांधली, धोंडा सुरुंगाने उडवला आणि उताराला कठडा घातला. आता कुठलीही साधी गाडी वाडीपर्यंत जाते. काहीजणांनी मावशीला म्हटलंही, "उगाच केलात तो पाट्यांचा खटाटोप. थोडी कळ काढली असती तर!" मावशी त्यावर वाद घालत नाही. ती आता निरोप आला की थेट गोठ्यापर्यंत जाते. पण माळावरचा दिवस लोकांनी सोडलेला नाही, आणि तिनेही नाही.

वाडीवरच्या त्या अडलेल्या गाईला पुढे वासरू झालं नाही. त्या बाईने ती विकली आणि शेळ्या घेतल्या. परवा मी माळावर होते, तेव्हा ती शेळ्या हाकत आली. रांग मोठी होती, ऊन चढलेलं. मावशी एका बैलाच्या खुराशी वाकलेली होती. तिने मान वर करून त्या बाईला ओळखलं, हातातलं काम क्षणभर थांबवलं आणि विचारलं, "धाकटी करडं पितात का नीट?"

"पितात," ती बाई म्हणाली. मग जीपच्या सावलीला येऊन काकांच्या पायाशी जमिनीवर बसली. "डॉक्टरसाहेब, पाणी आहे का हो?"

काकांनी मागे हात घालून कॅन ओढायला सुरुवात केली. एका हाताने तो निघेना. ती बाई उठली, तिनेच तो काढला, आधी त्यांना दिलं आणि मग स्वतः प्यायली.